कागद आधी, खाट नंतर: सोलापुरातल्या घरासाठी वृद्धांच्या दीर्घ सेवेची आखणी

मांडीचं हाड मोडलेल्या आजींचं ऑपरेशन सरकारी योजनेत होतं. आठवडाभरात डिस्चार्ज मिळतो, गाडी दारात येते आणि खरं काम तिथून सुरू होतं. पुढचे सहा महिने, कधी सहा वर्षं, उठवणं-बसवणं, लघवी-संडास, कूस बदलणं, भरवणं हे सगळं घरातल्यांवर येतं. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली याच कामासाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू केला. तिथे माणूस किती परावलंबी आहे हे तपासून श्रेणी ठरवतात आणि त्या श्रेणीप्रमाणे मदत देतात. आपल्याकडे तसा विमा नाही. इथल्या योजनांचा मोठा पैसा दवाखान्यातल्या खाटेपाशी संपतो, म्हणून घरची आखणी घरानेच करायची.

या आखणीत पहिलं काम कागदांचं. डायपर रात्री अकरा वाजताही मिळतो, पण शुद्ध हरपल्यावर घेतलेली सही पुढे कुठेच टिकत नाही. पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश दोन्हीही आधी कळवून येत नाहीत. वडील सत्तरीचे आणि धडधाकट आहेत, तेव्हाच खालची कामं उरका.

सह्या चालतात तोवर

बँकेचं खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या. इथे एक खाच आहे. बचत खात्यातून एकाच्या सहीने पैसे निघतात. मुदत ठेव मात्र मुदतीआधी मोडायची तर बँक बहुधा दोघांच्याही सह्या मागते. तेव्हा ‘मुदतीआधी कोणीही एक मोडू शकेल’ अशी लेखी सूचना ठेव ठेवतानाच देऊन ठेवा. आधीच्या ठेवींसाठी आत्ता द्या. हात चालत नसला पण भान शाबूत असलं, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा चालतो. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१७ पासून आहे. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी विचारलं की बहुतेक वेळा ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं.

कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नी) फार भिस्त ठेवू नका. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी होतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी पालक नेमायला मग उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. संयुक्त खाते, वारस नोंद (नॉमिनी) आणि मृत्युपत्र ही तीन कामं वेळेत झाली, तर बहुतेक घरांवर ती वेळ येत नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या. सोबत त्याच दिवसाचा ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असा डॉक्टरांचा दाखला जोडा. कोर्टात पुढे वाद झाला तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आता बक्षीसपत्राचं, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. मुलाच्या नावावर राहतं घर करून देताना ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढंच लिहिलं जातं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण कायद्याच्या कलम २३ मुळे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. पण ती अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायाधिकरण (याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे चालणारं) ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. तेव्हा दस्तातच असं वाक्य घाला: ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांच्या अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आदी मूलभूत सोयी व शारीरिक गरजा त्यांच्या हयातभर पुरवतील, या अटीवर ही मिळकत दिली आहे, अट मोडल्यास हे हस्तांतरण रद्द होईल. लिहून देणार यांचा या घरात राहण्याचा हक्क हयातभर अबाधित राहील.’ दस्तलेखक ‘त्याची गरज नाही’ म्हणाला तरी हट्ट सोडू नका. आमचं स्पष्ट मत आहे की जिवंतपणी घर नावावर करूच नये. मृत्युपत्र भान शाबूत असेपर्यंत कधीही बदलता येतं.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर, नळ्या नकोत अशी कोणाची इच्छा असेल, तर तीही लिहून ठेवता येते. २०२३ पासून हे सोपं झालं आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आधार कार्डावर एक दिवस खर्च करा. जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि मोबाइल नंबर तिन्ही तपासा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात तिसरं असं सापडतं. आयुष्यभर विड्या वळून किंवा यंत्रमागावर सूत हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा मशीनवर उठत नाही. डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा यांवरून ओळख पटवण्याची सोय आहे. ती मागून घ्या. पेन्शनचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वर मोबाइलमधून चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो.

किती हात लागतील

सहा गोष्टी पाहा: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवरचा ताबा आणि जेवण. प्रत्येकीला स्वतः करत असतील तर ०, थोडा हात द्यावा लागला तर १, सगळंच दुसऱ्याने करायचं तर २ असे गुण द्या. बेरीज ३ पर्यंत असेल तर सकाळ-संध्याकाळ कोणी आलं तरी भागतं. ४ ते ७ असेल तर दिवसभर घरात माणूस हवा. त्यापुढे रात्रीचाही माणूस लागतो, आणि उचलायला दोघं. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजा. स्मृतिभ्रंशाला हा हिशेब लागू होत नाही. आजोबा हाताने जेवतात, स्वतः आंघोळ करतात, म्हणून गुण शून्य येतात. पण पहाटे तीनला कडी काढून बाहेर पडतात. तिथे वरची कडी, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद आणि खिशात नाव-फोनची चिठ्ठी हेच पहिलं औषध.

पूर्ण झोपून असलेल्या माणसाचं दिवसभराचं काम वेळेत मांडून पाहा. बारा वेळा कूस बदलायची, प्रत्येकी पाच मिनिटं. चार वेळा डायपर, प्रत्येकी पंधरा. तीन जेवणं, प्रत्येकी चाळीस. मधलं पाणी-चहा-औषधं दीड तास. अंग पुसणं पाऊण तास. व्यायाम आणि धुणं दोन तासांच्या आत-बाहेर. आठ तासांच्या आसपास होतात, आणि तेही चोवीस तासांत विखुरलेले. म्हणून ‘नोकरी सांभाळून करू’ हे गणित जमत नाही. सून घरी विड्या वळत असेल तर तिच्या किती हजार विड्या कमी झाल्या, ती बुडालेली मजुरीही खर्चात धरा. पुण्यात नोकरीला असलेल्या भावंडांनी महिन्याचा वाटा ठरवताना डायपर आणि औषधांबरोबर हा आकडाही वहीत असला पाहिजे. तो लिहिला नाही तर घरात धुसफूस होते.

घर

खाटेची उंची गादीसकट १८ ते २० इंच ठेवा. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. खाट भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी माणूस जाईल एवढी जागा ठेवा. पायऱ्यांवर उतार करायचा तर एका इंचाच्या उंचीला एक फूट लांबी: सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट. त्यापेक्षा उभा उतार केला तर व्हीलचेअर मागे घसरते आणि ढकलणाराही पडतो.

व्हीलचेअर घेण्याआधी दारं मोजा. मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर बाहेरून २५-२६ इंच रुंद असते. घरकुलांतल्या आणि जुन्या पेठांतल्या संडासाची दारं अनेकदा दोन फुटांची. तिथे खुर्ची दारातच अडते. अशा घरात आधी खाटेशेजारी ठेवायची कमोड खुर्ची घ्या, व्हीलचेअर नंतर. संडासात आधाराचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर बसवा. मातीच्या जुन्या भिंतीत स्क्रू धरत नाही. अंगाचा भार पडला की दांडा पलिस्तरासकट हातात येतो. तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घाला किंवा जमीन ते छत असा लोखंडी खांब उभा करा.

पाण्याचा विचार सोलापुरात वेगळा करावा लागतो. शहराच्या अनेक भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि अंथरुणात लघवी होणाऱ्या माणसाचं धुणं थांबत नाही. २०० लिटरचं एक पिंप फक्त रुग्णाच्या धुण्यासाठी वेगळं राखा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखालची खोली त्याहून तापते. दुपारी १२ ते ४ रुग्णाची खाट सगळ्यात थंड खोलीत हलवा, पत्र्यावर ओलं पोतं टाका. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, म्हणून मागण्याची वाट न पाहता दर तासाला अर्धी वाटी पाणी किंवा ताक द्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याच्या तोंडावर डोस तपासून घ्या.

अंथरूण, घास आणि नळी

पाठीवरच्या जखमा, म्हणजे बेडसोअर, दाबामुळे होतात. एकाच जागी वजन राहिलं की तिथलं रक्त थांबतं आणि मांस आतून मरतं. बाहेर दिसतो तो नुसता लाल डाग. त्यावर बोट दाबा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही रंग बदलला नाही, तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. हाताला ती जागा गरम किंवा टणक लागते का ते पाहा. माकडहाड, टाचा, खुबे, कानाच्या पाळ्या रोज आंघोळीच्या वेळी तपासा.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण नव्वद अंशांत आडवं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे लोड लावून तीस अंशांपर्यंतच कलंडवा. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. लाल जागेवर चोळू नका, स्पिरिट किंवा पावडर लावू नका, आणि मधे भोक असलेली हवेची रिंग वापरू नका. रिंगेच्या कडेने रक्त आणखी अडतं. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही. वीज गेली की ती बसते, म्हणून खाली फोमची गादी असू द्या.

सोलापुरी चादर इथे जपून वापरा. तिची वीण जाड, खरबरीत. अंगाखाली तिच्या चुण्या रुततात. अंगाखाली मऊ सुती पातळ चादर ताणून घाला, आणि सोलापुरी चादर पाठीमागे लोडासारखी गुंडाळायला ठेवा. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

पक्षाघातानंतर गिळणं बिघडतं. पाणी पिताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होतो. अन्न श्वासनलिकेत जात असल्याची ही खूण. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज किंवा दाट ताक सोपं जातं. सरळ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, चहाच्या चमच्याने भरवा, आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांची आठवण आजोबा काढणारच. शेंगदाण्याचे कण ठसक्यासाठी सगळ्यात वाईट. ताजी ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून, हाताने कुस्करून गोळा उरणार नाही अशी करून द्या. चटणीची चव हवीच असेल तर आमटीत उकळून गाळून घ्या.

नाकातल्या नळीने अन्न द्यायचं असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, सावकाश. आधी आणि नंतर तीस-पन्नास मिलिलिटर पाणी सोडा, नाही तर नळी चोंदते. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर काहीही घालू नका, आणि निसटलेली नळी घरी परत ढकलू नका. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. साधी लॅटेक्सची नळी साधारण चार आठवड्यांनी बदलतात. थंडी वाजून ताप आला किंवा काल बरं बोलणारा माणूस आज अचानक भ्रमिष्टासारखं करू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. बहुतेकदा लघवीतला जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियमचा घोळ, तुंबलेलं पोट किंवा नवीन गोळी यांतलं काहीतरी असतं. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या.

हे सगळं शिकायची जागा म्हणजे डिस्चार्जच्या आधीचा वॉर्ड. सिव्हिल असो वा खासगी दवाखाना, घरी सांभाळणाऱ्या माणसाने सिस्टरांसमोर नळीने भरवणं, डायपर बदलणं आणि खाटेवरून उठवणं दोन-दोनदा स्वतः करून दाखवावं. पक्षाघातात पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा होते, म्हणून फिजिओथेरपीची पहिली तारीख घरी जाण्याआधीच ठरवा.

पैसा कुठून, किती

सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कार्ड आधारवरून मोबाइल अॅपवर किंवा अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे निघतं. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना. दोन्हीही दाखल रुग्णासाठी. पगारी मावशी, डायपर, हवेची गादी त्यात येत नाही. खासगी आरोग्य विम्याचंही तेच.

घरातल्या साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, एकदाच ३,००० रुपये खात्यात. अर्ज समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयाकडे. खरेदीचं बिल जपा, ते द्यावं लागतं. या पैशांत आधी कमोड खुर्ची, मग काठी किंवा वॉकर. गुडघ्याच्या पट्ट्यावर हा पैसा घालवू नका. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढे महिना १,५०० रुपये मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० इतकी कमी आहे. तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज. उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार, पासबुक. आधारशी जोडलेलं खाते चालू नसेल तर मंजुरी असूनही पैसे येत नाहीत.

पक्षाघाताने हात-पाय लुळा पडला असेल किंवा पार्किन्सन असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. पार्किन्सन २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. ४० टक्के किंवा जास्त प्रमाण आलं की महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीतून काय मिळतं ते लेखी विचारता येतं.

मावशी किंवा मामा ठेवताना

ब्युरोतून (सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या संस्थेतून) माणूस घेताना चार गोष्टी कागदावर घ्या: पगारातून ब्युरो किती कापतो, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, आगाऊ रक्कम परत मिळते का, आणि कामांची यादी. यादीत ‘रुग्ण सांभाळणे’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं. ‘दर दोन तासांनी कूस, वेळ लिहून सही’ असं लिहा. तक्ता खाटेपाशी टांगा. आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात पडताळणी करा, दागिने आणि एटीएम कार्ड त्या खोलीत ठेवू नका. आणि मावशींना बसायला खुर्ची, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी द्या. थकलेला माणूस रात्री दोनची कूस चुकवतोच. घरातल्या सांभाळणाऱ्यालाही महिन्यातून चार दिवस सुटका हवी. पुण्याच्या भावाने पैशांसोबत ते चार दिवसही द्यावेत. मन फारच खचलं तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

मुलं सांभाळत नसतील तर

सल्ल्यासाठी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. निर्वाहासाठी अर्ज आपल्या भागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. मुलगा पुण्यात असला तरी अर्ज सोलापुरातच देता येतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्याविरुद्ध अर्ज चालतो. अपत्य नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे त्याच्याविरुद्ध. वकील लागत नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. अर्जात रोजच्या गरजांचा खर्च आकड्यांत लिहा, औषधांची बिलं जोडा, आणि अंतरिम रक्कम त्याच अर्जात मागा. ही मागणी राहून गेली तर निकालापर्यंत हातात काही पडत नाही. कायद्यात निकालाची मुदत ९० दिवस आहे, अपवाद म्हणून आणखी ३०. कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर न्यायाधिकरण वॉरंट काढू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. पण रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांत अर्ज आला तरच. ‘पुढच्या महिन्यात देतो’ यावर विसंबून तीन महिने सरले की त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. म्हणून पहिला हप्ता चुकला की पासबुकात नोंद करून घ्या आणि त्याच महिन्यात प्रांत कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्या.